ओएनटॅपमधील रेड ग्रुप आणि व्हॉल्यूम : काही महिन्यांच्या वापरानंतर

नेटअ‍ॅपच्या ओएनटॅप या साठवण-यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूम (डेटा ठेवण्याचा तार्किक कप्पा) कितीही वेळा लहान-मोठा करता येतो, पण तो ज्या अ‍ॅग्रिगेटवर (अनेक डिस्क एकत्र करून केलेल्या साठ्यावर) उभा असतो त्यातून एकही डिस्क नंतर काढून घेता येत नाही. फाइल सर्व्हर आणि आभासी मशिनी यांच्यासाठी ही यंत्रणा काही महिने चालवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, मांडणीसाठी हाताशी असलेला बहुतेक वेळ रेड ग्रुप (डिस्क बिघडली तरी डेटा वाचवणारे डिस्कचे गट) ठरवण्यातच खर्च करावा.

आमच्याकडे 12 डिस्कचे दोन शेल्फ, म्हणजे 24 एनएल-सॅस (मोठ्या क्षमतेच्या फिरत्या) डिस्क आहेत. रूट अ‍ॅग्रिगेट (यंत्रणेच्या स्वतःच्या फाइलींचा साठा) वेगळ्या डिस्कवर असल्याने या सगळ्या डेटासाठी मोकळ्या होत्या. दोन स्पेअर (बिघडलेल्या डिस्कची जागा घेणाऱ्या राखीव डिस्क) ठेवल्यावर 22 उरतात. रेड-डीपीचे (ग्रुपमागे दोन पॅरिटी डिस्क) 11-11 डिस्कचे दोन ग्रुप केले, तर पॅरिटीला, म्हणजे गेलेला डेटा परत बांधण्याच्या माहितीला, 4 डिस्क जातात आणि डेटाला 18 राहतात. रेड-टेकचा (ग्रुपमागे तीन पॅरिटी डिस्क) 22 डिस्कचा एकच ग्रुप केला, तर पॅरिटीला 3 जातात, डेटाला 19 मिळतात आणि कोणत्याही तीन डिस्क एका वेळी बिघडल्या तरी डेटा शाबूत राहतो. पहिल्या मांडणीत पॅरिटीच्या डिस्क चार असूनही एकाच ग्रुपमधल्या तीन गेल्या, तर संपूर्ण अ‍ॅग्रिगेट जाते. आम्ही रेड-टेक निवडले. 6 टीबी आणि त्याहून मोठ्या फिरत्या डिस्कसाठी ओएनटॅप स्वतःही तेच सुचवते, कारण एवढ्या डिस्कची पुनर्बांधणी दीर्घकाळ चालते आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर ताण राहतो.

दोन स्पेअर ठेवण्यालाही कारण आहे. संशयास्पद डिस्क बाजूला घेऊन तपासणारे मेंटेनन्स सेंटर किमान दोन स्पेअर असल्याशिवाय काम करत नाही.

रेडचा प्रकार नंतर बदलता येतो. रेड-डीपीचे रेड-टेक चालू यंत्रणेवर होते, फक्त प्रत्येक ग्रुपमागे एक जादा डिस्क लागते. डिस्क जोडण्याचे मात्र तसे नाही. ग्रुपची कमाल संख्या भरलेली असताना चार-पाच डिस्क घातल्या, तर त्यांचा नवा ग्रुप तयार होतो आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पॅरिटीतच संपू शकतात. म्हणून आज्ञा देताना सिम्युलेट पर्याय वापरून होणारी मांडणी आधी पाहून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. या सोयीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

व्हॉल्यूमच्या पातळीवर यंत्रणा उदार आहे. जागेची हमी काढून व्हॉल्यूम थिन (जागा आधीच न अडवणारे) ठेवता येतात, ऑटोसाइज लावले की ते गरजेनुसार वाढतात, आणि एखादा व्हॉल्यूम चालू स्थितीतच दुसऱ्या अ‍ॅग्रिगेटवर हलवता येतो. त्यामुळे वेगवेगळ्या कामांचे व्हॉल्यूम पहिल्यापासून वेगळे ठेवावेत. स्नॅपशॉटचे (व्हॉल्यूमच्या त्या त्या क्षणाच्या प्रतिमांचे) वेळापत्रक त्यांना स्वतंत्रपणे लावता येते. मात्र थिन व्हॉल्यूमची खरी जागा अ‍ॅग्रिगेटमधून येते, तेव्हा लक्ष तिथल्या भरणीवर हवे.

स्नॅपशॉट रिझर्व्ह (स्नॅपशॉटसाठी राखलेली जागा) डीफॉल्टने 5 टक्के असते आणि ती कमाल मर्यादा आहे, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात स्नॅपशॉट हे रिझर्व्ह ओलांडून डेटाच्या जागेत पसरतात. मोठी फाइल पुसूनही जागा सुटत नाही, कारण तिचे ब्लॉक जुन्या स्नॅपशॉटने धरून ठेवलेले असतात. ज्या व्हॉल्यूममध्ये रोज बरीच उलथापालथ होते, तिथे प्रत्यक्ष बदलाचा वेग मोजूनच रिझर्व्ह ठरवावे. लन (सर्व्हरला स्वतंत्र डिस्क म्हणून दिसणारा भाग) असलेल्या व्हॉल्यूममध्ये तर जागा संपली की लन ऑफलाइन जाऊ शकतो, म्हणून तिथे ऑटोसाइजच्या जोडीला स्नॅपशॉट आपोआप पुसण्याचे धोरणही विचारपूर्वक ठरवावे लागते.

लहान लहान फाइलींचा साठा असेल, तर आणखी एक आकडा पाहावा. 680 जीबीपेक्षा मोठ्या व्हॉल्यूमची डीफॉल्ट फाइलसंख्या 2,12,51,126 वर थांबते. पुढे आकार वाढवला तरी ती आपोआप वाढत नाही. जागा भरपूर शिल्लक असतानाही नवी फाइल लिहिता येईनाशी होते. ही मर्यादा वाढवणे एका आज्ञेचे काम आहे, पण टक्केवारीत भरणी दाखवणाऱ्या नेहमीच्या आलेखात ती दिसत नसल्याने तिच्यासाठी वेगळी सूचना लावणे भाग पडते.