अरबी बोलीतली मीटिंग: व्हिस्पर की अझूर?

हिंजवडीतून कैरोशी मीटिंग झाली की समोरचे पुस्तकी अरबी बोलत नाहीत, इजिप्शियन बोलतात. तिथे ‘ज’चा ‘ग’ होतो; ‘जमील’चं ‘गमील’.

असं बोलणं ऐकून आपोआप लिहून काढायला ओपनएआयचं व्हिस्पर (2022) हे सॉफ्टवेअर फुकट, आपल्याच मशीनवर चालतं. रेकॉर्डिंग बाहेर जात नाही. पण त्याला भाषा नुसती ‘अरबी’ एवढीच सांगता येते. मग ते बोलीचं मध्येच प्रमाण अरबी करतं, कोल्हापुरी ऐकून पुणेरी लिहिणाऱ्या कारकुनासारखं! शांततेत कधी मनचीच वाक्यंही घुसडतं.

हेच काम करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेत बोलीसाठी इजिप्त, सौदी, मोरोक्को असा देश निवडता येतो. मात्र जितका वापर तितकं बिल, आणि आवाज क्लाउडवर, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर जातो.

रोजच्या कामाला मी अझूर घेईन. पगारवाढीची किंवा कराराची बैठक असेल तर व्हिस्पर, चुका हाताने दुरुस्त करून.