निनावी आरोग्य सर्वेक्षण: छापील कागद की ऑनलाइन फॉर्म?

तंबाखू, दारू, मारामारी, मनातली निराशा... आठवी ते दहावीच्या मुलांना हे विचारायचं ठरलं की पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत पहिली सूचना येते, "गूगल फॉर्म करू, लिंक व्हॉट्सॲपवर टाकू." झेरॉक्सचा खर्च वाचतो, आकडे आपोआप मिळतात. पण मुंबईत हाच पर्याय सगळ्यांत कच्चा आहे. दहा बाय बाराची खोली, फोन वडिलांचा, तो हातात येणार ते कामावरून परतल्यावर. 'गेल्या ३० दिवसांत किती दिवस सिगारेट ओढलीस?' याचं खरं उत्तर मुलगा आईच्या शेजारी बसून देणार नाही. हा पर्याय सोडूनच द्या. निवड करायची ती वर्गात भरायचा छापील कागद आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला ऑनलाइन फॉर्म या दोघांत.

कागदाचं मोठं बळ म्हणजे निनावीपणा मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. घडी घालून पेटीत टाकला की साठातला एक. पण बारीकसारीक गोष्टी चुकल्या तर हाच कागद फितूर होतो. उत्तर लिहायला मोकळी जागा ठेवू नका, वर्गशिक्षक अक्षर लगेच ओळखतात. फक्त गोल रंगवायला द्या. पेनं शाळेनेच, एकाच रंगाची वाटावीत. पातळ कागदावर मागची खूण आरपार दिसते, म्हणून जाडसर, ८० जीएसएमचा घ्या. एका बाकावर दोघं बसत असतील तर मध्ये दप्तर उभं करायला सांगा. फॉर्म समुपदेशकांनी वाटावेत, वर्गशिक्षकांनी नव्हे, आणि वाटून झाल्यावर फळ्यापाशीच थांबावं. बाकांमधून एक फेरी मारली तरी पुढची उत्तरं सावध होतात. कागद मॉनिटरने गोळा करायचे नाहीत. प्रत्येकाने स्वतः पेटीत टाकायचे.

एक चूक फार सर्रास होते: 'नाही असेल तर थेट प्रश्न १५ वर जा.' ज्याने काहीच केलेलं नाही तो पाच मिनिटांत पेन खाली ठेवतो, आणि जो अजून लिहितोय त्याच्याकडे अख्खा वर्ग बघतो. म्हणूनच अमेरिकेतल्या वायआरबीएस या, शाळकरी मुलांच्या धोक्याच्या सवयी विचारणाऱ्या सरकारी सर्वेक्षणात प्रश्न गाळायला लावत नाहीत. अशा सवयींच्या प्रश्नांना 'मी कधीच केलं नाही' अशा अर्थाचा पर्याय असतो आणि सगळे सारखाच वेळ लिहीत राहतात. तुम्हीही तेच करा. साधारण ४० प्रश्न एका तासिकेत बसतात.

कागदाची किंमत मोजावी लागते ती नंतर. ३०० मुलं गुणिले ४० प्रश्न म्हणजे १२,००० नोंदी हाताने कॉम्प्युटरवर चढवायच्या. हे काम शाळेतल्या शिक्षकांना देऊ नका, आणि दहातला एक फॉर्म दुसऱ्या माणसाकडून पुन्हा चढवून ताडून पाहा.

ऑनलाइनमध्ये ही मेहनत वाचते, अक्षराचाही प्रश्न उरत नाही. मात्र सेटिंग्ज नीट पाहावी लागतात. ईमेल गोळा करणं बंद हवं. एकाला एकच उत्तर अशी मर्यादा घातली तर लॉगिन सक्तीचं होतं, फॉर्मच्या माथ्यावर मुलाला स्वतःचा ईमेल दिसतो आणि त्याचा विश्वास तिथेच उडतो. मर्यादा काढली तर कुणी दोनदा भरू शकतं; त्यासाठी उत्तरांची संख्या हजेरीशी जुळवा. लॅबची सगळी मशीन एकाच शाळेच्या खात्यात उघडी असतील तर आधीच्या मुलाने अर्धवट सोडलेली उत्तरं पुढच्याला दिसू शकतात, म्हणून दर वेळी नवी इनकॉग्निटो (आधीचं लॉगिन न वापरणारी) विंडो उघडा. निकालाचा सारांश भरणाऱ्याला दाखवण्याचा पर्याय बंद ठेवा. उत्तरांच्या शीटमध्ये वेळेचा रकाना आपोआप येतो; मुलं एकामागून एक उठून गेली असतील तर त्यावरून कोण ते कळतं. तो आधी काढा, मगच शीट कुणाला दाखवा.

ऑनलाइनची खरी अडचण मात्र जागेची. उभा, उजळ स्क्रीन शेजाऱ्याला सहज वाचता येतो, म्हणून एकाआड एक मशीन रिकामं ठेवावं लागतं. ३० मशीनच्या लॅबमध्ये १५ मुलं, साठांच्या वर्गाच्या चार फेऱ्या. पहिली फेरी बाहेर पडली की व्हरांड्यात प्रश्न फुटतात आणि पुढच्या फेऱ्या आपसांत ठरवून उत्तरं देतात. कागदावर सगळ्या तुकड्या एकाच तासिकेत उरकतात.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. 'तंबाखूजन्य पदार्थ' असं मोघम नको. मावा, गुटखा, मशेरी, वेप अशी नावं घ्या. यादीत एक बनावट नशेचं नाव घाला. ते घेतल्याचं सांगणारा फॉर्म गांभीर्याने भरलेला नसतो. पालकांचं संमतिपत्र आदल्या दिवशी वेगळं गोळा करा, फॉर्मला स्टेपल करू नका. इयत्ता, तुकडी, वय आणि लिंग चारही विचारलीत तर मूल ओळखू येतं. तुकडी गाळा, आणि दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचा आकडा कुठेही मांडू नका.

आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न असेल तर निनावी फॉर्ममधून त्या मुलापर्यंत पोचता येणार नाही, हे आधीच ध्यानात घ्या. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक छापलेलं कार्ड प्रत्येक मुलाला द्या, फक्त मागणाऱ्याला नव्हे, आणि समुपदेशकांना त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मोकळं ठेवा.

तेव्हा शाळेसाठी कागदच. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र टॅबलेट देता येत असेल तरच ऑनलाइनकडे वळा. १९९१ पासून चाललेलं वायआरबीएससुद्धा देशपातळीवर २०२३ साली टॅबलेटवर गेलं.