टिळकवाडीतलं तारांचं क्लिनिक: डोळे झाकून जावा
पोरीच्या दातांना तार लावायला खानापुरातनं बेळगावला टिळकवाडीत येतोय, काम एक नंबर आहे. मॅडम मराठी-कन्नड दोन्हीत नीट समजावतात, दातावर तार धरणाऱ्या ब्रॅकेटवरच्या रबराचा कलर पोरीलाच निवडायला देतात, ती लई खूश. भिंतीवर इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीचं (म्हणजे तार लावून वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेचं) सर्टिफिकेट दिसलं म्हणून विचारलं तर कळलं की ही संस्था १९६५ सालची, दंतवैद्यकातल्या स्पेशालिस्टांची देशातली पहिली, आणि अमेरिकेत तर डॉ. एडवर्ड अँगल यांनी १९०० लाच अशी सोसायटी काढलेली. बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदवी, त्यानंतर ३ वर्षं ह्याच विषयात एमडीएस ही वरची डिग्री करावी लागते, तेव्हा तार कुठंही लावा पण आधी डिग्री विचारा. शनिवारी गर्दी असते, फोन करून जावा.