अडकलेलं सनरूफ: घरीच बघावं, गॅरेजला द्यावं, असेंब्ली बदलावी की बंद करून टाकावं?

पुण्यात जुनी गाडी वापरणाऱ्यांना हा प्रश्न बहुधा मेच्या अखेरीस पडतो. वर्षभर सनरूफला कुणी हात लावलेला नसतो. वळीव पडून गेल्यावर गार वारा घ्यावा म्हणून बटण दाबलं जातं आणि काच अर्ध्यात थांबते. 2014ची होंडा सिटी किंवा 2015ची एक्सयूव्ही 500 अशा गाड्यांमधली सनरूफ आता या वयाला आली आहेत. पावसाळा तोंडावर असतो, त्यामुळे घाईत सर्व्हिस सेंटर गाठलं जातं आणि तिथे पूर्ण असेंब्ली, म्हणजे फ्रेमसकट सनरूफचा सगळा संच, बदलण्याचं पाच आकडी एस्टिमेट हातात पडतं. ते मान्य करण्याआधी थोडं थांबा.

पहिलं काम काच बंद करण्याचं. बऱ्याच गाड्यांत छताच्या दिव्याजवळचं झाकण काढलं की मोटरच्या टोकाला षट्कोनी खाच दिसते. तिच्यात अॅलन की घालून हळूहळू फिरवली की काच सरकते. नेमकी जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. हाताला अडल्यासारखं लागलं तर जोर करू नका, काचेला सरळ सरकवणारे आतले प्लॅस्टिकचे तुकडे, म्हणजे गाइड, तुटतात.

आता कान द्या. गाडी चालू ठेवून बटण दाबा आणि दुसऱ्या कुणाला छताला कान लावून ऐकायला सांगा. कुठला पर्याय निवडायचा हे या आवाजावरच ठरतं.

आवाजच नाही, तर दोष बहुधा विजेचा. फ्यूज, रिले, बटण, अर्थिंग, आणि शेवटी मोटर. फ्यूज दहा-वीस रुपयांना मिळतो. नवा फ्यूज लगेच उडाला तर जास्त अँपियरचा घालू नका, वायरिंग जळेल. हे काम गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे. बटण दाबल्यावर मोटरच्या सॉकेटपर्यंत करंट येतो का हे तो मीटर लावून लगेच सांगतो. यासाठी सर्व्हिस सेंटरला जाण्याची गरज मला वाटत नाही.

काच कण्हत सरकते, मध्येच थांबते किंवा बंद होता होता परत उघडते, तर काच ज्यांवरून सरकते त्या रेल कोरड्या आहेत. अडथळा जाणवला की काच मागे घेण्याची सोय अनेक गाड्यांत असते आणि सुकलेलं ग्रीसही तिला अडथळाच वाटतं. रेलमध्ये बोट फिरवून बघा: जुनं ग्रीस, धूळ आणि गुलमोहराची बारीक पानं यांचा काळा चिकट लगदा निघेल. हे घरी करण्यासारखं काम आहे. कापडाने लगदा पुसून काढा, रेलला पातळ थर सनरूफ ग्रीसचा आणि रबर बीडिंगला सिलिकॉन ग्रीस. गंज सोडवायचा स्प्रे मारून भागवू नका. तो उरलेलं ग्रीसही धुऊन काढतो आणि काही दिवसांत पुन्हा तेच. बॅटरी काढून लावल्यावर बिघाड सुरू झाला असेल, तर मोटर आपली जागा विसरलेली असू शकते. बऱ्याच गाड्यांत बंद करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं की ती पुन्हा शिकते.

तिसरा प्रकार खर्चाचा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा एक बाजू पुढे, दुसरी मागे राहून काच तिरकी होते. मोटरचं दातेरी चाक दोन लवचीक केबल ओढतं, डावीकडे एक, उजवीकडे एक. चाकाचे दात झिजले, केबल सरकली किंवा तिच्या टोकाचा प्लॅस्टिकचा गाइड तुटला की असं होतं. सर्व्हिस सेंटर इथे बहुधा असेंब्लीच सांगतं. त्यांच्याकडे वॉरंटी मिळते, भाग नेमका बसतो, पण बोटाएवढ्या गाइडसाठी सगळी फ्रेम बदलली जाते. सनरूफचं काम करणारा स्वतंत्र गॅरेजवाला केबल-गाइडचा संच वेगळा मिळतो का ते बघतो. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, नाना पेठेतही चौकशी करता येते. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि जुन्या भागावरचा नंबर जवळ ठेवा.

मी स्वतंत्र गॅरेजवाल्याचा मार्ग निवडेन, पण एका अटीवर: त्या माणसाने हे काम आधी केलेलं असावं. मोटर बसवताना काच पूर्ण बंद आणि दोन्ही केबल सारख्याच जागी हव्यात, नाहीतर नवा गाइडही तिरका ओढला जाऊन तुटेल. फ्रेम काढायची तर छताचं लायनिंग उतरवावं लागतं. कर्टन एअरबॅग (छताच्या कडेला लायनिंगमागे बसवलेली एअरबॅग) असलेल्या गाडीत हे नवशिक्याच्या हाती देऊच नका. भंगारातल्या गाडीची मोटर नंबर जुळवून घ्यायला हरकत नाही. तिथले केबल-गाइड मात्र घेऊ नका, ते प्लॅस्टिकही तुमच्या गाडीतल्याइतकंच उन्हात पिकलेलं असतं.

असेंब्ली कधी घ्यावी? फ्रेम वाकली असेल, रेल खाल्ल्या गेल्या असतील, किंवा गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची असेल आणि सुटा भाग कुठेच मिळत नसेल तर.

गाडी दोन वर्षांत विकायची असेल, तर काच हाताने बंद करून सनरूफचा फ्यूज काढून ठेवणं हा पर्याय मला पटतो. त्या फ्यूजवर दुसरं काही चालत नाही ना, एवढं बघा. भोवती सिलिकॉन सीलंट मात्र मारू नका. रबराच्या कडेने थोडं पाणी आत येणार हे धरूनच सनरूफ बनवलेलं असतं. ते काचेभोवतीच्या पन्हळीत पडून बहुधा चारही कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली जातं. सीलंट उन्हाने सुटतं आणि पुढे काच काढताना रंगही उखडतो.

म्हणून कुठलाही पर्याय घेतलात तरी जूनआधी नळ्या तपासा. पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात कपभर पाणी सावकाश ओता. ते पुढच्या चाकामागे किंवा दाराच्या बिजागरीजवळ टपकलं तर नळी मोकळी आहे. नाही टपकलं तर पातळ लवचीक नायलॉनची दोरी आत सरकवून साफ करा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका, नळी सांध्यातून निसटते आणि पाणी थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं.