गुलाबी धिंगरीचं स्पोअर किट छान आहे, पण वारुळाच्या अळंबीची सिरिंज घेऊ नका

रानात उगवणारी अळंबी घरात येते का हे ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी ऑनलाइन मागवलेल्या किटमध्ये गुलाबी धिंगरीची म्हणजे पिंक ऑयस्टर अळंबीची स्पोअर सिरिंज (स्पोअर म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म बीजाणू), निर्जंतुक केलेल्या ज्वारीची पिशवी आणि कापलेला भाताचा पेंढा येतो. ही धिंगरी उष्ण प्रदेशात पडलेल्या लाकडावर आपोआप येणारी, त्यामुळे २५ ते ३० डिग्रीत मजेत वाढते, बटन अळंबीसारखी थंडी मागत नाही.

ज्वारीची पिशवी मला फार आवडली, सुई टोचायला रबरी ठिपका आहे, हवेसाठी फिल्टर आहे. पंखा बंद करा, सुई लायटरवर लाल करा, गार होऊ द्या आणि मगच टोचा. पांढरे धागे पसरले की समजायचं जमलं, हिरवा डाग दिसला तर पिशवी न उघडता फेकायची. माहितीपत्रक मात्र अगदीच कच्चं, धागे पसरलेली ज्वारी ज्यात मिसळायची तो पेंढा नुसता भिजवा म्हणतात! रात्रभर भिजवून मग ७०-८० डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायलाच हवा आणि मुठीत दाबला तर पाणी टपकता कामा नये, एवढा निथळायचा.

आता स्पोअरचं खरं काय ते सांगते. एकट्या स्पोअरच्या धाग्याला अळंबी धरत नाही, दोन जुळणारे धागे एकत्र यावे लागतात. सिरिंजमध्ये भरपूर स्पोअर असतात म्हणून ते जुळतात, पण कोण कोणाशी जुळेल हे आपल्या हातात नाही, म्हणून एका पिशवीत भरगच्च गुच्छ येतात आणि शेजारचीत जेमतेम. नुसती भाजीच हवी असेल तर तयार स्पॉन म्हणजे आधीच धागे पसरलेलं धान्य घ्या, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या अळिंबी प्रकल्पात मिळतं. पण अगदी सुरुवातीपासून सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर हे किट पैसे वसूल आहे.

टोपीची कड सपाट व्हायच्या आधीच काढा, नंतर स्पोअर इतके उडतात की दमा असलेल्यांना त्रास होऊ शकतो, पिशवी झोपायच्या खोलीत नकोच. शिजवल्यावर गुलाबी रंग जातो, पण कांदा आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात चव एकदम भारी.

राग आला तो एका गोष्टीचा. हाच विक्रेता वारुळाच्या अळंबीची सिरिंजसुद्धा त्याच किमतीत विकतोय. अहो, ती अळंबी वाळवी आपल्या वारुळात चावलेल्या पाल्या-लाकडाचा जो मऊ पोळा करते त्यावरच येते, बुरशी आणि वाळवी एकमेकींवर जगतात, ज्वारीच्या पिशवीत ती कुठून येणार? पावसात कोकणात, गोव्यात लोक तिच्यासाठी रान पालथं घालतात ते उगाच नाही. तिची ओढ असलेल्या माणसाला असं फसवणं मला अजिबात पटत नाही. लिस्टिंग काढा म्हणून मी त्यांना लिहिलंय, तुम्हाला दिसलं तर तुम्हीही रिपोर्ट करा.