एमआरआय बाजूला ठेवून आधी पाय उचलून बघणारं क्लिनिक, दादर पश्चिम

मला इथे जाऊन आता तीन महिने झालेत, ७ सेशन झाली, म्हणून नीट सविस्तर लिहितेय, कारण कंबरदुखीवाल्यांना ह्याचा खरंच उपयोग होईल.

माझं सुरू झालं मार्चमध्ये, सकाळी पाणी येतं त्या वेळात पिंप भरत होते, वाकून बादली उचलली आणि कंबरेत चमक भरली. दोन दिवसांनी कंबर बरी वाटायला लागली पण उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट पायाच्या करंगळीपर्यंत सणक जायला लागली, खोकलं तरी करंट. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली तरी मी उभी राहायचे, बसलं की जास्त दुखायचं.

आधी एका दुसऱ्या ठिकाणी दाखवलं होतं, नाव नको. चार मिनिटात बाहेर, कंबरेला किंवा पायाला हातसुद्धा लावला नाही, एमआरआय काढा म्हणाले, काढला, साडेसहा हजार गेले, रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी मणक्यांमधली गादी बाहेर आलीय असं लिहिलेलं, एल४-५ ला आणि एल५-एस१ ला, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्या. आणि मग "वाकू नका, वजन उचलू नका". एवढंच. त्या रिपोर्टने मी इतकी घाबरले होते की मुलीला उचलून घ्यायचं सोडून दिलं होतं.

मग मावसबहिणीने हे क्लिनिक सांगितलं. फिजिओ मॅडमनी फाइल घेतली, टेबलावर उलटी ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, हे आपण नंतर बघू, आधी तुम्हाला बघते." मला तिथेच बरं वाटलं. पुढे पाऊण तास फक्त तपासणी.

पहिला प्रश्न लघवीचा, अडकते का, कळते का, आणि दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटतो का. मी लाजले, पण त्यांनी सरळ सांगितलं की ह्यातलं काही असेल तर फिजिओ नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण खालच्या सगळ्या नसा एकदम दाबल्या गेल्या असू शकतात. नसेल तरच पुढे जायचं. हा प्रश्न मला आधी कोणीच विचारला नव्हता!!

मग टाचांवर चाला, चवड्यांवर चाला. टाचांवर नीट चालले. मग एका पायावर उभं राहून टाच वर उचलायची, डाव्या पायाने २० वेळा झालं, उजव्याने ६ वेळा झालं आणि पुढे टाच उचललीच जाईना. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की पायातली ताकद कमी झालीय, मी फक्त दुखण्याकडे बघत होते. हातोडीने गुडघ्याला मारलं, दोन्हीकडे सारखंच उडालं, घोट्याच्या मागे मारलं तर उजवीकडे जवळजवळ काहीच नाही. कापूस फिरवला तर पायाची बाहेरची कड आणि करंगळी कमी जाणवत होती. त्या म्हणाल्या सगळ्या खुणा एस१ नसेकडे बोट दाखवतायत, म्हणजे कंबरेच्या तळातून निघून पोटरी आणि करंगळीकडे जाणारी नस.

आता मुख्य टेस्ट. उताणं झोपवून आधी चांगला पाय उचलला, गुडघा सरळ ठेवून, हळूहळू. मग उजवा, तो ४० अंशांनाच अडकला, प्लास्टिकच्या कोनमापकाने मोजलं त्यांनी. आणि लगेच विचारलं, नुसता मांडीच्या मागे ताण बसतोय की गुडघ्याखाली तीच सणक उतरतेय? कारण नुसता ताण म्हणजे स्नायू आखडलेला असू शकतो, साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये ओळखीची सणक पायात उतरली तर नस चिडलेली असण्याची शंका घ्यायची. मग पाय थोडा खाली आणला, सणक थांबली, आणि तिथे फक्त पाऊल माझ्याकडे वाकवलं, लगेच परत तीच सणक. ह्या टेस्टला लासेग म्हणतात, मी घरी येऊन वाचलं, लासेग हे फ्रेंच डॉक्टर, त्यांच्या फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने १८८१ च्या प्रबंधात ती लिहिली आणि सर्बियाच्या डॉक्टर लाझारेविच यांनी त्याच्याही आदल्या वर्षी. म्हणजे एमआरआय नव्हता तेव्हापासून डॉक्टर हाताने हे शोधतायत.

डावा पाय उचलल्यावर उजवीकडे दुखतंय का तेही बघितलं, नाही दुखलं. तसं दुखलं असतं तर गादीची शंका खूप पक्की झाली असती, पण दुखलं नाही म्हणजे गादी नाहीच असंही नाही, हे त्यांनी दोनदा समजावलं. पालथं झोपवून गुडघा वाकवूनही बघितलं, ती मांडीच्या पुढच्या नसेची टेस्ट, तिथे काही निघालं नाही.

मला सगळ्यात पटली ती बसून करायची टेस्ट. कॉटच्या कडेला बसा, हात मागे, पाठ पोक काढल्यासारखी सैल सोडा, हनुवटी छातीला, आता गुडघा सरळ करा, पाऊल वर. पोटरीत सणक आली, डोळ्यात पाणी. "आता फक्त मान वर करा." मान वर केली आणि पायातली सणक कमी झाली. पाय हलवलाच नव्हता! मेंदूपासून पावलापर्यंत ही सगळी एकच सलग व्यवस्था आहे, वर सैल सोडलं की खालचा ताण कमी होतो, स्नायूचं दुखणं असतं तर मानेने फरक पडला नसता, असं त्या म्हणाल्या. मी स्वतः करून बघितलं म्हणून मला ते कळलं, नुसतं सांगून कळलं नसतं.

शेवटी फाइल उघडली आणि म्हणाल्या, चाळिशीतल्या ज्यांना काहीही दुखत नाही अशा साधारण निम्म्या लोकांच्या स्कॅनमध्येसुद्धा गादी फुगलेली दिसते, २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात आलंय, त्यामुळे तुमच्या दोन गाद्यांपैकी तपासणीशी जुळते ती खालची, वरचीचं टेन्शन घेऊ नका. माझी महिन्याभराची झोप त्या एका वाक्याने परत आली.

उपचार साधेच, नस पुढेमागे हलवायचे हलके व्यायाम, थोडं थोडं चालणं, ओढून ताणायचं अजिबात नाही. दर वेळी पाय किती उचलतो ते लिहून ठेवतात, ४०, मग ५५, आता ७५. टाच १५ वेळा उचलते. हातोडी मारल्यावरची घोट्याची उडी अजून आलेली नाही, ती कधीकधी खूप उशिरा येते किंवा येतही नाही असं सुरुवातीलाच सांगितलं होतं.

एक स्टार कापलाय तो जिन्यासाठी. पहिला मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिना उभा चढ, पहिल्या दिवशी मिस्टरांनी धरून चढवलं. बाहेरचा सोफा पण इतका खोल की कंबर धरलेल्या माणसाला उठवत नाही, तिथे साध्या खुर्च्या हव्यात. पहिल्यांदा ८०० आणि नंतर दर सेशनला ६००.

फोन करूनच जा, संध्याकाळी ७ नंतरची वेळ पटकन मिळत नाही. आणि सैल सलवार किंवा पायजमा घालून जा, मी जीन्सवर गेले होते, त्यात पाय नीट उचलता येईना म्हणून आधी त्यांच्याकडचा पायजमा बदलून यायला लागलं.