फॉलोअर कुठले, ते आधी पाहा : घरगुती तिखट-मसाल्यासाठी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वापर कशासाठी, ते आधी: सावजी मसाला, तिखट, कुरोड्या, मुगवड्या. काम घरून, डिलिव्हरी नागपुरात, कुरिअर नावापुरतं. दोन्ही अ‍ॅप फुकट आहेत, त्यामुळे खर्च झाला तो वेळेचा आणि थोडाफार जाहिरातीचा.

इन्स्टाग्रामच्या इन्साइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या पानावर, प्रेक्षकांची शहरं दिसतात. महिन्यातून एकदा पाहायची जागा तीच. तिथे नागपूर पहिल्या नंबरावर नसेल तर रील कितीही धावो, पाकीट जागचं हलत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडग्यांच्या मिरवणुकीचं रील टाका, व्ह्यूज धो-धो येतील. पण पाहणाऱ्यांत निम्मे पुण्या-मुंबईला गेलेले नागपूरकर, बाकीचे मारबत म्हणजे काय हे विचारणारे. तिखटाचं नाव कोणी काढत नाही. याउलट 'जाडं की बारीक, अन् पाव किलो किती पडन?' याचं सरळ उत्तर देणारं रील रडतखडत चालतं, पण मेसेज येतात मानेवाडा, मनीषनगर, नंदनवनातून. विकणारं कुठलं, हे सांगायला नको.

अकाउंट प्रोफेशनल करताना 'बिझनेस' की 'क्रिएटर' असं विचारतात. बिझनेस घेतलं की सिनेमातली बहुतेक गाणी वापरता येत नाहीत, मोफत संगीताचा वेगळा साठा मिळतो. यावर लोक फार हळहळतात. खरं तर मालाच्या जाहिरातीला सिनेमाचं गाणं लावणं परवान्याच्या दृष्टीने तसंही अडचणीचं, आणि आवाज बंद झालेलं रील ठेवून उपयोग नाही. कांडपावर मिरची पडतानाचा आवाज कोणत्याही गाण्यापेक्षा बरा.

बायोला १५० अक्षरं मिळतात. पण शोधात उपयोगी पडतं ते वरचं ठळक 'नेम'. तिथे नुसतं दुकानाचं नाव घालू नका, 'सावजी मसाला नागपूर' असं माल आणि गाव मिळून लिहा. घाईने लिहू नका, कारण हे नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं. कॅप्शनमध्ये 'कुरडई' आणि 'कुरोडी' दोन्ही शब्द हवेत, कारण आपण एक म्हणतो आणि बाहेरून आलेला दुसरा शोधतो. हॅशटॅग तीन-चार पुरतात. फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर पाकिटावर तर हवाच, प्रोफाइलवर कायम दिसणाऱ्या हायलाइटमध्येही ठेवा, नवीन गिऱ्हाईक तो विचारतंच. आणि मिरची भिवापुरी नसेल तर भिवापुरी लिहू नका. कमेंटमध्ये ओळखणारे बसलेले असतात.

थेट चॅट उघडणारी व्हॉट्सअ‍ॅपची लिंक हाताने बनवताना हमखास चूक होते. ९१ आणि पुढे दहा आकडे, एवढंच. सुरुवातीचा शून्य, अधिकचं चिन्ह किंवा मधली रेघ राहिली की लिंक उघडेलच असं नाही, आणि गिऱ्हाईक तसं कळवत बसत नाही, निघून जातं. बिझनेस अ‍ॅपमध्ये तयार शॉर्ट लिंक मिळते, तीच घ्या. तिच्यात 'भाव पाठवा' असा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. समोरच्याला फक्त पाठवाचं बटण दाबायचं उरतं.

आता शूटिंग. सगळ्यात जास्त माती इथेच होते. फ्रेम उभी, १०८० बाय १९२०. खालचा साधारण पाचवा हिस्सा कॅप्शनखाली जातो आणि उजवी कड बटणांखाली, म्हणून भाव मधोमध लिहा. प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये चौकोनाऐवजी उभा तुकडा दिसतो, त्यामुळे जुनी चौकोनी कव्हरं कडेने कापली जातात.

लाल तिखट कॅमेऱ्याला जड जातं. उन्हात धरलं की ढीग एकसारखा लालभडक डाग दिसतो, कण दिसतच नाहीत, आणि पाहणाऱ्याला वाटतं रंग घातलाय. स्क्रीनवर ढिगावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बोट खाली ओढून उजेड कमी करा. ढिगाचा कडेचा भाग किंचित काळपट दिसू लागला की थांबा, कण तिथे सुटे दिसतात. उजेड खिडकीचा, एका बाजूने, आणि खाली पांढऱ्याऐवजी स्टीलचं ताट किंवा सूप. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत उरकून घ्या. पारा ४५ कडे गेल्यावर गच्चीवर वाळवणाशेजारी ठेवलेला फोन तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते आणि रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. आणि कूलर बंद करा! खिडकीतला कूलर आपल्याला ऐकू येईनासा झालेला असतो, माईकला येतो.

सुरुवातीला 'नमस्कार मंडळी' नको. पहिल्या तीन सेकंदांत सोऱ्यातून कुरोडी पडताना दिसली पाहिजे. ओळख नंतर, किंवा नाहीच.

पैसे देऊन रील जास्त लोकांना दाखवायचं बूस्ट बटण सोपं आहे म्हणूनच महाग पडतं. प्रेक्षक 'ऑटोमॅटिक' ठेवला की पैसा गावाबाहेर वाहतो. स्वतः प्रेक्षक बनवा, सीताबर्डीवर पिन टाका आणि १०-१२ किलोमीटरचा घेर ठेवा. बुटीबोरीपर्यंत पाव किलो पोहोचवणं परवडत नाही, मग तिथे दाखवायचं कशाला? उद्देश 'प्रोफाइल भेटी' नको, 'मेसेज' निवडा. भेटी भरपूर येतात, बोलत कोणी नाही. आयफोनच्या अ‍ॅपमधून बूस्ट केलं तर अ‍ॅपलची ३० टक्के फी वर बसते, त्यामुळे तेच काम ब्राउझरमधून करा.

हिशेब असा मांडा. रोज २०० रुपये, पाच दिवस, म्हणजे १०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११८०. समजा २४ मेसेज आले आणि त्यातले सहा गिऱ्हाईक झाले, तर एक गिऱ्हाईक १९७ रुपयांना पडलं. अर्ध्या किलोमागे ९० रुपये सुटत असतील तर पहिल्या विक्रीत तोटाच आहे. तो तिसऱ्या खेपेला भरून निघतो. म्हणून वर्षातून एकदाच घेतल्या जाणाऱ्या कुरोड्यांवर जाहिरात लावू नका, महिन्या-दोन महिन्यांत संपणाऱ्या मसाल्यावर लावा.

फॉलोअर विकत घेण्याबद्दल थोडक्यात: घेऊ नका. ती खाती ना पाहतात ना सेव्ह करतात, आणि प्रतिसाद कमी पडला की पुढचं रील खऱ्या माणसांपर्यंतही कमी जातं. 'तीन मैत्रिणींना टॅग करा' स्पर्धेतून येणारे त्यापेक्षा बरे, इतकंच.

शहरातल्या खाद्यपेजला पैसे देण्याआधी शेवटच्या दहा रील्सची सरासरी पाहा, एका गाजलेल्या रीलवर भुलू नका. शहरांचा स्क्रीनशॉट मागा. देत नसतील तर उठून या. व्यवहार ठरला तर 'कोलॅब', म्हणजे दोघांच्या नावाने एकच पोस्ट घ्या, रील आपल्याही प्रोफाइलवर राहतं. पैसे दिलेत तर पेड पार्टनरशिपचं लेबल हवंच.

विक्रीचा गल्ला मात्र व्हॉट्सअ‍ॅपच. कॅटलॉगमध्ये वजन आणि भाव दोन्ही टाका. 'डीएम करा' लिहिणाऱ्याला लोक महागडा समजतात. क्विक रिप्लायमध्ये भाव, पत्ता आणि डिलिव्हरीचे वार, अशी तीन उत्तरं ठेवली की निम्मं टायपिंग वाचतं. लेबलं चार पुरे: नवीन, पैसे बाकी, पाठवलं, पुन्हा विचारा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोहोचतो. दोनशेंना पाठवला आणि दहाच बोलले, याचं कारण बहुधा तेच. पाकिटावर भावाशेजारी 'नंबर सेव्ह करा, नवीन कांडपाची तारीख कळवू' एवढं छापलं की फरक पडतो.

पैसे आले की नाही, ते स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहा. स्क्रीनशॉट कोणीही बनवतो. तसंच 'कॉपीराइटचा भंग झालाय, २४ तासांत पेज बंद होईल' असा मेसेज लिंकसकट आला तर लिंक दाबू नका, पासवर्ड पळवायचा तो धंदा आहे. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा, बॅकअप कोड कागदावर लिहा, आणि तो कागद फोनच्या कव्हरमध्ये नको, मसाल्याच्या हिशेबाच्या वहीत ठेवा.